अण्णा, तुमचे आभार

आदरणीय अण्णा,
शिरसाष्टांग नमस्कार.

चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. तरी हे पत्र उघडच लिहितेय, कारण भीमाशंकरच्या जंगलातले माझे फोटो पाहून लोक विचारतात, हे कुठे शिकलीस? सोलापुरात शिकले, पूर्व भागातल्या अण्णांच्या स्टुडिओत.

आपल्याकडे नान्नजचा माळ आणि वर आभाळ. एक बाभळ, एक काळवीट, झाली फ्रेम. आपली नजर त्या मोकळ्या रानावर पोसलेली. भीमाशंकरला क्षितिजच नाही. अंजन, जांभूळ, हिरडा एकमेकांत घुसलेले, वर वेलींचा गुंता, खोडांवर शेवाळ. डोळ्यांना केवढं सुंदर दिसतं, आणि फोटोत मात्र नुसतं गचपण येतं.

मी हे सांगितलं, तेव्हा तुम्ही काउंटरवर चादर पसरलीत. वडील मागावर बसायचे, त्यामुळे तुम्हाला ते सहज सुचलं असावं. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. म्हणालात, “आधी ताणा बघायचा, मग बाणा. जंगलातबी आधी खोडं बघ, पानं मागनं.”

अण्णा, तेवढ्यावर माझं सगळं काम उभं आहे. आता मी आधी खोडांमधली अंतरं बघते. दोन खोडं एकमेकांवर चढत असली, तर पाऊलभर सरकते. पानांच्या फटीतून डोकावणारा आभाळाचा पांढरा तुकडा सगळी नजर ओढून घेतो, तो फ्रेमबाहेर ठेवते. कडक उन्हात तिथे उजेडाची ठिगळं पडतात, म्हणून ढगाळ दिवसाची वाट बघते. धुकं उतरलं की मागची झाडं फिकट होत जातात आणि पुढचं खोड आपसूक उठून दिसतं. तुम्ही दिलेला जुना पोलरायझर, म्हणजे लेन्सवर बसवायची फिल्टरची काच, ओल्या जांभळीसमोर हळूहळू फिरवला, तर पानांवरची पांढरी चकाकी विरते आणि आतला गर्द हिरवा रंग वर येतो. दर वेळी अंगावर काटा येतो.

आणखी एक गोष्ट तिथे उभं राहून उमगली. 1985 साली हे अभयारण्य झालं ते मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत जातं. म्हणजे मला जो गुंता वाटत होता, तो त्याचा रस्ता आहे! फांद्या एकमेकींना भिडलेल्या आहेत म्हणून ते जगतं. तेव्हापासून त्या दाटीत मला मेळच दिसतो, आणि तोच फोटोत यावा म्हणून धडपडते.

आपल्या उजनीत येणारी भीमा याच डोंगरात उगम पावते, आणि तुम्ही अजून तिकडे गेलेला नाहीत. पाऊस ओसरला की गाडी करते. गुडघ्यांची काळजी करू नका, रस्त्याच्या कडेलाही भरपूर जंगल आहे. ट्रायपॉड मी उचलेन, पहिली फ्रेम तुम्ही लावायची.

तुमची विद्यार्थिनी,
सोलापूर