बुलेट ट्रेनच्या गोष्टीत सी ६२ कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बुलेट ट्रेनवर तुमच्या पेपरात गेली कित्येक वर्षं सतत काही ना काही येतंय, जमीन संपादन, ठाण्याची खाडी, खर्च, जपानचं कर्ज, आणि मी ते सगळं वाचतो. पण त्यात जपानचा विषय निघाला की गोष्ट कायम १९६४ पासूनच सुरू होते. १ ऑक्टोबरला टोकियो-ओसाका शिंकान्सेन धावली, नऊ दिवसांनी ऑलिंपिक सुरू झालं, जग थक्क झालं, झालं मग. त्याआधी तिथं काय होतं, कोण लोक होते, ते कुठं शिकले, याची एक ओळ पण नसते. ज्या इंजिनिअरनं ती गाडी उभी केली त्या हिदेओ शिमांनी त्याच्या पंधरा-सोळा वर्षं आधी एक कोळशाचं इंजिन उभं केलं होतं, सी ६२ नावाचं, आणि माझं स्पष्ट म्हणणं आहे की ते इंजिन कळल्याशिवाय बुलेट ट्रेन कळत नाही. म्हणून एवढं लिहायला बसलोय.

मला यात रस का, तर वडील मिरजेला लोको शेडमध्ये फिटर होते, पुणे-मिरज लाईन मीटरगेज होती त्या काळात. मीटरगेज म्हणजे दोन रुळांत १००० मिलिमीटर. जपानची जुनी रेल्वे, म्हणजे १८७२ ला टोकियोचं शिंबाशी ते योकोहामा सुरू झाली तेव्हापासूनची, ती १०६७ मिलिमीटरची. आपल्या मीटरगेजपेक्षा फक्त अडीच इंच आणि वर थोडं जास्त. आपल्या ब्रॉडगेजच्या १६७६ समोर ती लाईन अगदीच अरुंद. तर एवढ्याशा रुळावर मोठं प्रवासी इंजिन पळवायचं कसं हा जपानी इंजिनिअर लोकांचा आयुष्यभराचा प्रश्न, आणि शिमांच्या घरात तर तो पिढीजात होता.

हिदेओ शिमांचे वडील यासुजिरो शिमा, ते पण रेल्वेतलेच मोठे इंजिनिअर. त्यांनी सगळी जपानी रेल्वे १४३५ च्या स्टँडर्ड गेजवर न्यायचा आग्रह धरला, १९१७ ला योकोहामा लाईनवर त्याच्या चाचण्या सुद्धा करून दाखवल्या. सरकारनं शेवटी नाही म्हटलं कारण राजकारण्यांना खेडोपाडी नव्या लाईनी टाकून हव्या होत्या, रूळ रुंद करण्यात पैसा घालवायचा नव्हता. मग त्याच अरुंद रुळावर १९१९ ला सी ५१ आलं (तेव्हा नाव वेगळं होतं, सी ५१ हे पुढं मिळालं), १७५० मिलिमीटरची चाकं असलेलं, आणि अशी २८९ इंजिनं बनली. १७५० म्हणजे पावणेसहा फुटांच्या आसपास, साधा माणूस शेजारी उभा राहिला तर चाक त्याच्या डोक्याच्या वर जातं. आपल्या मीटरगेजच्या वायपी इंजिनाचं मोठं चाक साडेचार फुटी होतं, यावरून अंदाज घ्या.

नावांचा हिशोब सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. १९२८ पासून जपानी रेल्वेनं ठरवलं, ओढणारे एक्सल (म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा) तीन असतील तर सी, चार असतील तर डी. त्यापुढचा आकडा १० ते ४९ असेल तर पाणी-कोळसा इंजिनाच्या अंगावरच, ५० च्या पुढं असेल तर ते ठेवायला मागं वेगळा डबा, म्हणजे टेंडर. मोठी चाकं असलेली सी म्हणजे बहुतेक प्रवासी गाड्यांची, डी मालगाड्यांची.

हिदेओ शिमा जन्मले १९०१ ला. पंचवीस-सत्तावीस वर्षांचे असताना त्यांच्या हातात सी ५३ आलं, अमेरिकेतून मागवलेल्या इंजिनांवरून शिकून बनवलेलं तीन सिलिंडरचं इंजिन. कागदावर उत्तम, तीन सिलिंडर म्हणजे ओढ एकसारखी, झटके कमी. पण मधला सिलिंडर दोन्ही फ्रेमच्या मधे, तिथं फिटरचा हात जात नाही, झडपेची जोडणी झिजली की वेळ चुकतो, आणि शेडवाले अक्षरशः वैतागले. ९७ बनवली आणि थांबले. त्यानंतर जपानी रेल्वेनं तीन सिलिंडरचं इंजिन परत बनवलंच नाही. वडील नेहमी म्हणायचे की इंजिन चांगलं की वाईट हे शेडमध्ये ठरतं, लाईनवर नाही, आणि सी ५३ ची हकीकत वाचली तेव्हा ते मला पूर्ण पटलं. शिमांना पण ते पटलं असणार कारण पुढची त्यांची सगळी इंजिनं दोनच सिलिंडरची, साधी, दुरुस्तीला मोकळी. डी ५१ त्यांचंच, ते हजाराच्या वर बनलं.

मग युद्ध. सगळा जोर मालगाड्यांवर, प्रवासी इंजिनं बनवायची बंद आणि १९४३ पासून डी ५२ नावाचं दांडगं मालगाडीचं इंजिन काढलं. स्टील नाही, तांबं नाही, म्हणून धूर वर उडवायच्या बाजूच्या पट्ट्या लाकडाच्या, टेंडरला लाकूड, वेल्डिंग कसंतरी उरकलेलं. काहींचे बॉयलर चालत्या गाडीत फुटले, माणसं गेली. युद्ध संपलं तेव्हा चित्र एकदम उलटं झालं, कारखाने बंद म्हणून माल नाही आणि माणसं मात्र डब्यांच्या टपावर बसून जातायत, शहरात खायला नाही म्हणून लोक खेड्यात तांदूळ-रताळी आणायला निघालेले. मालगाडीची इंजिनं शेडमध्ये उभी, प्रवासी इंजिनं कमी, आणि अमेरिकन ताबा प्रशासनाचं नव्या इंजिनांना काही हो येईना.

तेव्हा वाट काढली ती अशी, की नवं बनवत नाही, जुन्याचं रूपांतर करतो. डी ५१ चा बॉयलर घेऊन सी ६१ केलं आणि डी ५२ चा घेऊन सी ६२. कागदावर रूपांतर, पण प्रत्यक्षात फ्रेम, चाकं, सिलिंडर बहुतेक सगळं नवीन आणि वर जुना बॉयलर बसवलेला. १९४८-४९ या दोन वर्षांत हिताची, कावासाकी आणि किशा या कारखान्यांनी मिळून ४९ सी ६२ बनवली. लढाईच्या घाईत बनलेले ते बॉयलर म्हणजे मोठी जोखीमच होती.

आणि खरं कौशल्य पुढंच आहे. डी ५२ चा बॉयलर एवढा मोठा की जपानी रुळांना त्याचं वजन झेपेना, आधीच्या सी ५९ या प्रवासी इंजिनाचंच वजन बऱ्याच लाईनींना जास्त व्हायचं. म्हणून शिमांच्या लोकांनी मागं एका एक्सलऐवजी दोन दिले. पुढं दोन, मधे ओढणारे तीन, मागं दोन, याला रेल्वेवाले हडसन म्हणतात. त्यानं वजन वाटलं गेलं आणि एका ओढत्या एक्सलवर साधारण १६ टन आले, आणि काही इंजिनांत आणखी भार मागं ढकलून ते १५ च्या आत आणले म्हणजे हलक्या लाईनींवर पण ती जाऊ शकली. भट्टीची जाळी जवळजवळ ३.८५ चौरस मीटर, फायरमननं फावड्यानं एवढी भट्टी तासन्‌तास भरत राहणं शक्य नाही म्हणून टेंडरमधून कोळसा स्क्रूनं पुढं ढकलणारा स्टोकर लावला. टेंडर धरून लांबी एकवीस मीटरच्या वर. जपानात यापेक्षा मोठं प्रवासी वाफेचं इंजिन झालं नाही.

याच इंजिनानं त्सुबामे एक्सप्रेस ओढली. युद्धाआधीची जपानची मानाची गाडी, १९४९ ला हेइवा, म्हणजे शांती, या नावानं परत सुरू केली आणि १९५० च्या सुरुवातीला जुनं त्सुबामे हे नाव परत दिलं. त्सुबामे म्हणजे भिंगरी पक्षी. सी ६२ च्या दोन नंबरच्या इंजिनाच्या धूर-पट्ट्यांवर स्टेनलेस स्टीलची उडती भिंगरी लावली, काळ्या इंजिनावर चकचकीत पांढरी, ती आजही आहे आणि जपानी पोरांना तो नंबर तोंडपाठ असतो. टोकियोकडून हामामात्सुपर्यंत विजेचं इंजिन, तिथून ओसाकापर्यंत सी ६२. जसजशा तारा पुढं सरकल्या तसतसं वाफेचं राज्य आकसत गेलं आणि १९ नोव्हेंबर १९५६ ला तोकाइदो लाईन, म्हणजे टोकियोहून ओसाकाकडं जाणारी ही जुनी लाईन, पूर्ण विजेवर आली. इथं एक सांगावंसं वाटतं, आपल्या मुंबई-पुणे लाईनवर वीज १९२९-३० लाच आलेली, डेक्कन क्वीन पहिल्या दिवसापासून विजेवर. म्हणजे आपण फार मागं होतो असं समजायचं कारण नाही.

आता तो प्रसंग, जो माझ्या मते तुमच्या पेपरात एकदा तरी यायला हवा. १५ डिसेंबर १९५४. नागोयाजवळ किसो नदीवरचा जुना पूल वेगात गाडी गेली तर किती सोसतो हे मोजायचं होतं, म्हणून सी ६२ चं १७ नंबरचं इंजिन त्या पुलावरून सुसाट सोडलं आणि त्यानं ताशी १२९ किलोमीटर गाठले. अरुंद गेजवर वाफेच्या इंजिनाचा हा जगातला विक्रम. १०६७ मिलिमीटरवर १२९! आपल्या ब्रॉडगेजवरचं डब्ल्यूपी, तोंड निमुळतं, कपाळावर तारा असलेलं, त्याच काळातलं आणि खूप चांगलं इंजिन, त्याला साधारण ११० ची मुभा होती आणि रूळ दीडपट रुंद. नुसता विक्रम म्हणून मी हे सांगत नाहीये. पूल, रूळ, वजन, वेग हे सगळं एकत्र मोजायची सवय त्या रेल्वेला होती आणि शिंकान्सेनला तीच सवय कामी आली.

तोकाइदोवरून निघालेली काही इंजिनं सान्यो लाईनला, काही जोबान लाईनला, आणि हलकी केलेली सात थेट उत्तरेच्या होक्काइदो बेटावर गेली. हाकोदाते-सप्पोरो लाईनवर ओशामाम्बे ते ओतारू हा डोंगरी भाग, ५० ला १ चा चढ (आपला बोरघाट ३७ ला १, तो आणखी खडा), हिवाळ्यात कमरेएवढा बर्फ, आणि तिथं दोन सी ६२ एकामागं एक जोडून एक्सप्रेस वर चढवायची. निसेको एक्सप्रेस. १९७१ पर्यंत हे चाललं, मग डिझेल आलं. भिंगरीवालं दोन नंबर पण शेवटी तिथंच राबत होतं.

शिमा मात्र या सगळ्यात एकदा बाहेर फेकले गेले. २४ एप्रिल १९५१ ला योकोहामाच्या साकुरागिचो स्टेशनात लोकल पेटली, १०६ माणसं गेली. गाडी युद्धकाळातल्या डिझाइनची, काच नाही म्हणून खिडकीचे तीन तुकडे केलेले, मधला न उघडणारा, माणूस त्यातून निघूच शकत नव्हता आणि दरवाजे आतून कसे उघडायचे प्रवाशांना माहीत नाही. शिमा तेव्हा गाड्यांच्या विभागाचे प्रमुख, त्यांनी राजीनामा दिला. १९५५ ला शिंजी सोगो रेल्वेचे अध्यक्ष झाले, सत्तरी ओलांडलेला माणूस, त्यांनी शिमांना मुख्य इंजिनिअर म्हणून परत आणलं.

आणि आता मुद्दा. सी ६२ नं एक गोष्ट पुरती दाखवून दिली होती की पुढं एक जड इंजिन लावून मागं डबे ओढायचे म्हटलं तर एक्सलवरचं वजन तुम्हाला अडवणारच, मागं कितीही चाकं वाढवा. जपानची जमीन मऊ, भूकंपाची, पूल जुने. म्हणून शिमांचा आग्रह की इंजिन काढूनच टाका, मोटारी डब्यांखाली वाटून द्या. शिंकान्सेनच्या पहिल्या गाडीत तर सगळेच एक्सल मोटारीचे. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको, आपली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ पासून व्हीटी-कुर्ला अशीच धावतेय, डब्याखाली मोटार. फरक एवढाच की शिमांनी तेच तत्त्व ताशी २१० वर नेलं, आणि गेज घेतलं १४३५, वडिलांना जे मिळालं नव्हतं ते.

खर्च मात्र मूळ अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला, वर्ल्ड बँकेचं ८ कोटी डॉलरचं कर्ज होतं, आणि १९६३ ला सोगोंनी पद सोडलं, त्यांच्याबरोबर शिमांनीही. उद्घाटनाच्या दिवशी हे दोघं समारंभात नव्हते. आपल्याकडं खर्चावरून वाद चाललेत ते चालू द्यावेत, हिशोब मागायलाच हवा, पण ही बाजू पण लोकांना माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

आता टूरवाल्यांबरोबर जपानला जाणारी मराठी माणसं खूप झालीत. त्यांना एवढंच सांगतो, क्योटोला देवळं बघून झाली की स्टेशनपासून जवळच उमेकोजीला रेल्वे म्युझियम आहे, १९१४ सालचं गोल शेड, त्यात भिंगरीवालं दोन नंबर आहे. आणि नागोयाच्या म्युझियममध्ये पहिल्याच हॉलमध्ये १७ नंबर उभं आहे, आधी बरीच वर्षं ते तिथल्या प्राणिसंग्रहालयात होतं. त्याच्या शेजारी ताशी ४४३ किलोमीटरचा वेग घेतलेली चाचणीची शिंकान्सेन आणि तिच्या बाजूला मॅग्लेव, म्हणजे चुंबकाच्या जोरावर तरंगत धावणारी गाडी. जपान्यांनी स्वतः ही गोष्ट वाफेच्या इंजिनापासून सुरू केलीय. तिथं गेलात तर १७ नंबरच्या मागच्या दोन एक्सलकडं वाकून नीट बघा.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी सी ५३ चा आणि होक्काइदोचा भाग कापलात तरी चालेल, पण किसो नदीचा पूल आणि शिमा बापलेकांची नावं तेवढी राहू द्या, आणि जमलं तर रविवारच्या पुरवणीत एखाद्या जाणकाराकडून यावर पूर्ण लेख लिहून घ्या.

आपला,
एक जुना वाचक, मिरज