मावशी, तुम्ही आला नाहीत ते बरं झालं

प्रिय मावशी,
सा. न.

तुमच्या भाचीने तुमचा नंबर दिला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हाँगकाँगमध्ये एक हक्काचं माणूस मिळालं, आता ते आपल्याला फिरवेल. क्रूझच्या आधीचे अडीच दिवस, मी आणि सासूबाई, दोघीच. आईंचं वय एकाहत्तर, उजव्या गुडघ्याची कुरकुर, इंग्रजी म्हणाल तर ‘येस’ आणि ‘नो’. मी तुम्हाला हे सगळं लांबलचक लिहून कळवलं आणि तुमचं उत्तर आलं: ‘मी येणार नाही. तुम्ही दोघीच फिरा. अडलात तर फोन करा, उचलीन.’ खरं सांगते, राग आला. आईंनी तर ‘शिष्ट दिसतात’ असा निकालच देऊन टाकला. हे पत्र चारचौघांत लिहितेय ते तो निकाल चारचौघांतच मागे घ्यायला.

निघायच्या आठ दिवस आधी मी पहिला फोन केला. हॉटेल त्सिम शा त्सुईत घेतलंय, ओशन टर्मिनल चालत पाच मिनिटांवर, म्हणजे बोटीवर अगदी रमतगमत जाता येईल, असं मी ऐटीत सांगत होते. तुम्ही म्हणालात, ‘तिकिटावर काय लिहिलंय ते वाचून दाखव.’ मी वाचलं, ‘काय ताक.’ शेजारी भाजी निवडत बसलेल्या आई म्हणाल्या, ‘काय? ताक?’ आणि तुम्ही पहिल्यांदा खळखळून हसलात.

मग तुम्ही नीट समजावलंत. या शहरात क्रूझची बोट दोन ठिकाणी लागते. ओशन टर्मिनल 1966 चं, गजबजाटात, फेरीच्या धक्क्याला लागून. आणि काय ताक म्हणजे जुना विमानतळ. त्याची धावपट्टी थेट बंदराच्या पाण्यात घुसलेली. विमानतळ 1998 मध्ये बंद झाला आणि त्याच धावपट्टीच्या टोकाला 2013 पासून क्रूझ टर्मिनल आहे. ‘त्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे म्हणून तिथे उतरून चालत सुटू नकोस, बॅगा घेऊन तर नाहीच. लाल टॅक्सी कर. डिकीतल्या प्रत्येक बॅगेचे वेगळे पैसे लागतात, तिथे हुज्जत घालू नकोस.’ वर ड्रायव्हरला दाखवायला चिनी अक्षरांत पत्ता लिहून त्याचा फोटो पाठवलात. निघायच्या सकाळी हॉटेलच्या खिडकीतून पाहिलं तर ओशन टर्मिनलला एक भलीमोठी पांढरी बोट उभी होती. आमची नव्हती. तुम्ही नसता तर मी त्या बोटीच्या रांगेत जाऊन उभी राहिले असते, आईंना आणि चार बॅगांना घेऊन.

कागदपत्रांचंही तसंच. चौदा दिवसांपर्यंत आपल्याला व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करून तिचा कागद छापून घ्यावा लागतो. तो मी घेतला होता. बोटीच्या पुढच्या बंदरांचे व्हिसा वेगळे, ही आठवण मात्र तुमची.

आधी पैसे भरून ठेवायचं ते ऑक्टोपस कार्ड घेतलं आणि आईंना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे द्यायला त्या तयारच नव्हत्या. मेट्रो, ट्राम, फेरी, कोपऱ्यावरचं दुकान, कुठेही टेकवलं की काम झालं. स्टार फेरीत तुम्ही सांगितल्याप्रमाणे आम्ही वरच्या मजल्यावर बसलो. बाकाची पाठ पुढे-मागे सरकवता येते, म्हणजे बोट कुठेही निघाली तरी तोंड पुढेच. आईंनी ती तीनदा सरकवून पाहिली. पाच-सहा हाँगकाँग डॉलरमध्ये जेमतेम दहा मिनिटांचा प्रवास, आणि तेवढ्यात दोन्ही काठांवरच्या इमारती पाहून होतात. ही फेरी 1888 मध्ये दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने सुरू केली, हे तुम्ही सांगितलेलं मी आईंना सांगितलं. ‘मिठाईवाला आणि बोटी?’ एवढंच म्हणाल्या आणि पलीकडे पोचेपर्यंत गालातल्या गालात हसत राहिल्या. आम्ही त्या फेरीने एकूण पाच वेळा गेलो. त्यातल्या तीन वेळा पलीकडे काहीही काम नव्हतं.

एक चूक कबूल करते. सेंट्रल भागातल्या चढावरचे सरकते जिने सकाळी दहापर्यंत खाली येतात आणि दहानंतर वर जातात, हे तुम्ही दोनदा सांगितलं होतंत. आम्ही साडेनऊला तिथे. समोरून ऑफिसची सगळी जनता खाली येतेय आणि आम्ही शेजारच्या दगडी पायऱ्यांवर. पंचविसाव्या पायरीवर आई थांबल्या, म्हणाल्या, ‘मावशींनी दहा म्हटलं होतं ना?’ मग अर्धा तास कठड्यावर बसून लोक बघितले.

पण सगळ्यात लक्षात राहिली ती ट्राम. मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे द्यायचे, वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा धरायची आणि नॉर्थ पॉइंटची पाटी असलेलीच ट्राम घ्यायची. का, ते तुम्ही सांगितलं नव्हतंत. शेवटच्या थांब्याआधी ट्राम वळली आणि थेट भाजीबाजारात शिरली. रुळांवर माणसं, ढकलगाड्या, पालेभाज्यांच्या पेट्या. घंटी वाजली की बायका रुळावरून हातभर सरकतात, ट्राम गेली की परत तिथेच. खाली प्रत्येक दुकानावर लाल झाकणाचे दिवे टांगलेले, मासळीवर तो लाल उजेड. आईंनी ते बघितलं आणि माझा दंड धरला, ‘उतर.’

मावशी, आमच्या आई रत्नागिरीच्या. एका मासळीवाल्यापुढे उभ्या राहिल्या, खूण करून विचारलं आणि बोटाने कल्ला उघडून बघितला. लालभडक. मान हलवली. त्या माणसाने दुसरा मासा पुढे केला. तो आईंनी हाताच्या पाठीने बाजूला सारला. त्याने हसून तिसरा काढला, पाण्यातला, उड्या मारणारा. दहा मिनिटं हा मूक व्यवहार चालला होता, आणि हॉटेलच्या खोलीत मासा शिजवणार कुठे हा प्रश्न दोघांपैकी कुणालाच पडलेला नव्हता. शेवटी आईंनी हात जोडले, त्यानेही ओल्या हातांनी जोडले. तिथून निघाल्यावर त्यांना गुडघ्याची आठवण दुपारपर्यंत झाली नाही.

चहाच्या हॉटेलात आम्हाला एका आजोबांच्या टेबलावर बसवलं. पहिल्या चहाने वाट्या आणि काड्या विसळायच्या, किटली संपली की झाकण तिरकं ठेवायचं, हे आम्ही तुमच्याकडून पढून गेलो होतो. आजोबांनी आपल्या किटलीतला चहा आईंच्या कपात ओतला, तेव्हा आईंनी तिथल्या आभाराच्या रीतीने दोन बोटं टेबलावर हलकेच टकटक केली. आजोबा एकदम थांबले, मग मोठ्याने काहीतरी म्हणाले आणि शेजारच्या टेबलावरचे तिघेजण वळून बघायला लागले. आई लाजल्या. तोवर त्यांना अशी टकटक करायची सवयच लागली होती. बोटीवरच्या वेटरलाही नंतर तीच मिळाली, तो बिचारा गोंधळला.

बोट सुटायच्या आधी मी तुम्हाला फोन करून विचारलंच, आलात का नाही? मला काहीतरी गंभीर उत्तराची अपेक्षा होती. तुम्ही म्हणालात, ‘अगं, मला त्या बाजारातला वास सहन होत नाही. मी असते तर तुझ्या सासूबाईंना ट्राममधून उतरूच दिलं नसतं.’

आभाराचे दोन शब्द तुम्हीच शिकवलेत. कुणी काम केलं, वाट दिली, तर ‘म-गोय’. कुणी भेट दिली तर ‘दो-जे’. आई दोन दिवस सगळ्यांना सरसकट म-गोय म्हणत होत्या. तुम्हाला काय म्हणायचं यावर आमचा डेकवर वाद झाला. फोनवरून रस्ता सांगितला म्हणजे ते काम, असं माझं म्हणणं. आईंनी ऐकलं नाही. तेव्हा त्यांच्या वतीने, दो-जे.

तुमची,
भाचीची मैत्रीण

ता. क. (काय ताक नव्हे) : ऑक्टोपस परत करून पन्नास डॉलर अनामत घ्या, असं तुम्ही बजावलं होतंत. माझं परत केलं. आईंनी त्यांचं दिलं नाही. ते त्यांच्या पर्समध्ये रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी आहे, आणि त्यात अजून किती शिल्लक आहे हे मला विचारायची परवानगी नाही.