दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं

ती. आई-बाबांना सप्रेम सलाम,

गेल्या रविवारी लंडनच्या सिटी रोडवरच्या वेस्ली चर्चमध्ये उपासनेला गेले होते. बाहेर काचेच्या उंच कचेऱ्या, बसगाड्यांची वर्दळ; फाटकातून आत पाऊल टाकलं की फरसबंदी अंगण आणि शांतता. जॉन वेस्लींनी हे देऊळ १७७८ साली उघडलं. त्यांनी सुरू केलेल्या मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं हे माहेरच म्हणायचं. आतली गॅलरी पूर्वी जहाजाच्या डोलकाठ्यांवर उभी होती, आता तिथे दगडी खांब आहेत.

गायन सुरू झालं आणि बाबा, तुमची फार आठवण आली. जॉनचे भाऊ चार्ल्स यांनी सहा हजारांवर गीतं लिहिली. माझ्या शेजारच्या आजी पुस्तक न उघडताच गात होत्या, तुम्ही गाता तशा, डोळे मिटून.

शेजारीच वेस्लींचं घर आहे. आई, तू तिथून हलली नसतीस. गरिबांसाठी त्यांनी १७४६ मध्येच लंडनला फुकट दवाखाना काढला होता. दुखणाइतांना विजेचे हलके झटके द्यायचं त्यांचं यंत्रही तिथे ठेवलंय. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमधल्या तुझ्या नोकरीच्या सगळ्या गोष्टी आठवल्या. आणि एक उंच खुर्ची आहे, तिची बैठक अगदी पेटीच्या भात्यासारखी, चामड्याच्या घड्यांची. आत स्प्रिंगा. घोड्यावरून रपेट होणार नसेल तेव्हा तिच्यावर बसून वर-खाली उसळायचं, तेवढाच व्यायाम! मी बराच वेळ तिच्यापुढे उभी होते. आपल्या पेटीचा भाता आठवत होता.

बाबा, इस्टरपासून तुम्ही देवळात गेला नाहीत, हे आईने सांगितलं. कारण गुडघे नाहीत, मला ठाऊक आहे. दोघांनी काखेत हात घालून चार पायऱ्या चढवायच्या आणि अख्खी मंडळी बघत राहणार, ते तुम्हाला नकोय. म्हणून एक सांगते. १७९० साली, मरणाच्या काही महिने आधी, वेस्ली कोलचेस्टरला उपदेश करत होते. वय सत्त्याऐंशी. क्रॅब रॉबिन्सन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने ते पाहिलं आणि पुढे लिहून ठेवलं. दोन पाळक दोन्ही बाजूंना उभे, त्यांचे हात वेस्लींच्या काखेत. आवाज जेमतेम ऐकू येत होता. तरी देऊळ खच्चून भरलेलं.

त्या दोघा पाळकांचा मी घरी येईपर्यंत विचार करत होते. आईने जन्मभर किती पेशंटना असंच धरून चालवलं असेल! त्यातल्या कुणाला तिने कधी कमी लेखलं का? मग तुम्हाला धरणारे तरी का लेखतील?

कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या दादांशी फोनवर बोलले आहे. रविवारी सव्वाआठला ते दारात येतील, पायऱ्यांपाशी थांबतीलही. पाळकसाहेबांनाही कळवलंय, रागावू नका.

आई, पेटीवरची चादर काढून भाता एकदा हलवून बघ. पावसाळ्यात सर्दावला असेल.

तुमची,
बेबी