आधी हॉर्न तपासा, वायरिंगचं नंतर बघू

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

गाडीचा हॉर्न गेला आणि गॅरेजवाला सगळं वायरिंग बदलायला सांगतोय, हे आईकडून कळलं. बाबा, त्याला इतक्यात होकार देऊ नका. चिपळूणचा पाऊस खाल्लेल्या गाडीत पहिला संशय हॉर्नवरच घ्यायचा. ग्रिलच्या मागेच असतो तो, त्यामुळे पाणी आणि चिखल सगळा त्याच्यावर उडतो. आतली पत्र्याची पातळ चकती आणि तिला थरथरवणारे पॉइंट गंजले की आवाज आधी घोगरा होतो, मग बंद. गणपतीपासून आवाज बसका येत होता ना? मग हेच असणार.

इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडा, फ्यूज बॉक्सपाशी कान द्या आणि आईला बटण दाबायला सांगा. ‘टक’ असं ऐकू आलं की बटण ठीक आहे आणि रिले, म्हणजे हॉर्नला करंट सोडणारा छोटा स्विच, निदान ओढला तरी जातोय. मग फ्यूज काढून उजेडात धरा. आतली तार तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. मोठा अजिबात नको, त्याने फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते.

फ्यूज चांगला असेल तर हॉर्नचा प्लग काढा. आपल्या हॉर्नला दोन वायरी आहेत. डब्यातल्या जुन्या इंडिकेटरच्या बल्बला दोन तारा जोडून त्या प्लगमध्ये लावा आणि आईला परत बटण दाबू दे. बल्ब लख्ख पेटला तर करंट तिथपर्यंत येतोय आणि हॉर्नच मेलाय. वायरिंगला हात लावायचं कारणच उरलं नाही.

बाजारात बारा व्होल्टचा साधा डिस्क हॉर्न काही शे रुपयांत मिळतो. जुना सोबत न्या, म्हणजे प्लग आणि पट्टी जुळेल. दुकानदार ट्रकसारखा दणदणीत किंवा सुरांचा हॉर्न दाखवेल, तो घेऊ नका. कर्कश आणि वेगवेगळ्या सुरांच्या हॉर्नला 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मनाई आहे, शिवाय तो जास्त करंट ओढतो आणि वेगळा रिले लागतो.

बसवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. पट्टीचा एक नट, बहुतेक दहाचा पाना लागेल. हॉर्नचं तोंड खाली झुकवा म्हणजे पाणी साचणार नाही, आणि तो ग्रिलला टेकू देऊ नका, नाहीतर आवाज दबतो. प्लगच्या पिना गंजल्या असतील तर पॉलिश पेपरने घासून घ्या.

बल्ब पेटलाच नाही किंवा ‘टक’ आलंच नाही, तर मात्र थांबा. स्टिअरिंग उघडायचं नाही, बाबा, काही झालं तरी नाही. तिथे एअरबॅग आहे. मी शनिवारी येतेच आहे, तेव्हा मीटर घेऊन येईन आणि आपण दोघं मिळून बघू.

आणि आई, तुला खास सांगते, कारण बाबा ऐकणार नाहीत. हॉर्न वाजेपर्यंत कुंभार्ली घाटात गाडी न्यायची नाही. त्या वळणांवर समोरचा ट्रक अंगावर आल्यावरच दिसतो. आत्याकडे कराडला जायचंच असेल तर एसटीने जा, तिकिटाचे पैसे मी पाठवते.

तुमची,
लेक