गाव दाखवायचे तर वेशीबाहेरचेही दाखवावे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या काही महिन्यांपासून विदर्भातील ग्रामीण पर्यटनाविषयी सातत्याने लिहून येत आहे. काटोल-नरखेडच्या संत्राबागांतील मुक्काम, पेंचच्या कडेच्या गावांतील चुलीवरचे जेवण, बैलबंडीतून शिवारफेरी, हे सारे मी आवडीने वाचते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये मंजूर झाल्यापासून अशा ठिकाणांकडे शहरातल्या माणसांचे लक्ष वळले आहे, आणि शेतीच्या उत्पन्नाला त्याची जोड मिळत असेल तर त्याचा आनंदच आहे. मात्र या लेखांतून दिसणारे गाव अर्धेच असते, असे मला हल्ली वाटू लागले आहे. ते का, हे सांगण्यासाठी गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात स्पेनमधील एका डोंगरी खोऱ्यात मी काढलेल्या चार दिवसांविषयी मला थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

माझी लेक पाम्प्लोना या शहरात संशोधन करते. तिच्याकडे गेले असताना तिने मला बसने उत्तरेकडे बास्तान नावाच्या खोऱ्यात नेले. पिरिनीज पर्वत जिथे उतरत उतरत अटलांटिक समुद्राकडे जातो, तिथे फ्रान्सच्या सीमेला लागून हे खोरे आहे. त्यात पंधरा गावे असून एलिसोंदो हे त्यांतले मुख्य गाव. बास्क भाषेत या नावाचा अर्थ ‘चर्चजवळचे’ असा होतो. समुद्रावरून येणारे ढग या डोंगरांना अडतात, त्यामुळे वर्षभर पाऊस असतो आणि उन्हाळ्यातही गवत वाळत नाही. मे महिन्यात नागपुरात राहणाऱ्या माणसाला त्या हिरवेपणाची सवय व्हायला एक दिवस लागतो. डोंगरउतारावरचे नेचे मात्र आम्ही गेलो तेव्हा तांबूस होऊ लागले होते. शेतकरी ते कापून गुरांखाली अंथरतात आणि नंतर त्याचेच खत करतात. मधोमध एक खांब रोवून त्याभोवती रचलेल्या त्या नेच्यांच्या गंज्या पाहून मला आपल्याकडच्या तणसाच्या ढिगांची आठवण झाली.

आमचा मुक्काम एरात्सू नावाच्या गावातील एका जुन्या शेतघरात होता. पूर्वी तळमजल्यावर गुरे, वरच्या मजल्यावर माणसे आणि त्याच्यावर चारा, अशी या घरांची मांडणी असे. भिंती पांढऱ्या आणि कोपरे व चौकटी लालसर दगडाच्या. दारावर एक मोठे वाळलेले काटेरी फूल ठोकलेले होते. त्याला तिकडे ‘एगुस्कीलोरे’ म्हणजे सूर्याचे फूल म्हणतात. रात्री येणाऱ्या वाईट शक्तीला या फुलाचे केस मोजत बसावे लागते, मोजता मोजता उजाडते आणि ती परत जाते, अशी तिथली जुनी समजूत आहे. प्रत्येक घराला नाव असते आणि माणूस आडनावापेक्षा घराच्या नावाने अधिक ओळखला जातो. घर विकले गेले तर नवा मालकही जुन्या घराच्या नावानेच ओळखला जाऊ लागतो, असे घरमालकीणबाईंनी लेकीला सांगितले आणि तिने ते मला मराठीत सांगितले.

त्याच बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला देण्यासाठी अक्रोड मोजले. त्या मोठ्याने मोजत होत्या आणि लेक हळू आवाजात मला अर्थ सांगत होती. ‘होगेई’ म्हणजे वीस. चाळीसला ‘बेरोगेई’, म्हणजे दोन विसा. साठला ‘हिरुरोगेई’, कारण ‘हिरू’ म्हणजे तीन. मी हातातला अक्रोड तसाच धरून ऐकत राहिले. माझी आजी अंडी, कांदे, गोवऱ्या सारे असेच मोजायची. तिला साठ हा आकडा ठाऊकच नव्हता, ती ‘तीन विसा’ म्हणायची. शाळेत शिकवायला लागल्यावर मीच मुलांना ‘विसा म्हणू नका, साठ म्हणा’ असे दटावले असेल, याची मला तेथे खंत वाटली. बास्क भाषेचे जगातील कोणत्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत तिला शाळेतून आणि सार्वजनिक व्यवहारातून हाकलण्यात आले. ती टिकली ती अशा स्वयंपाकघरांत, आणि पुढे पालकांनी स्वतः उभारलेल्या शाळांत. हे खोरे ज्यात येते त्या नवार प्रांताने 1986 मध्ये कायदा करून भाषेसाठी तीन विभाग आखले, त्यांत बास्तान हे बास्कभाषिक विभागात येते. मेळघाटातील कोरकू आणि गडचिरोलीतील गोंडी मुलांना पहिलीच्या पुस्तकात स्वतःच्या घरातला एकही शब्द सापडत नाही तेव्हा त्यांचे काय होते, हे ज्या शिक्षकांनी पाहिले आहे त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

खोऱ्यातील बहुतांश जमीन सामायिक आहे. आपल्याकडे जुन्या मध्यप्रांतात ज्याला ‘निस्तार’ म्हणत, त्याच धर्तीचे हक्क तिथे आजही चालतात: डोंगरावर गुरे-मेंढ्या चारणे, नेचे कापणे, घराला जळणाचे लाकूड मिळणे. पंधराही गावांचे प्रतिनिधी असलेली खोऱ्याची एक सर्वसाधारण सभा आहे आणि या जमिनीचे नियम तीच ठरवते. राजाचा आणि खोऱ्याचा या जमिनीवरून वाद झाला होता. 1440 मध्ये निकाल खोऱ्याच्या बाजूने लागला आणि खोऱ्यातील रहिवाशांना सरसकट कुलीनत्वाचा मान मिळाला. म्हणून आजही अगदी साध्या घराच्या दर्शनी भिंतीवर बुद्धिबळाच्या पटासारखे कोरलेले मानचिन्ह दिसते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने ते वाचले होते. तसा हक्क एखाद्या खोऱ्याने शतकानुशतके सांभाळला आहे हे पाहून मी भारावून गेले. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या मनात बास्तानविषयी केवळ कौतुक होते, आणि परत येऊन आपल्या पुरवणीसाठी तसाच एक लेख लिहावा असेही ठरत आले होते.

त्या दुपारी आम्ही अरिस्कुन या गावातून खाली उतरून बोसाते नावाच्या वस्तीत गेलो. चालत जाण्याइतके ते अंतर. घरे तशीच, दगड तोच, खिडक्यांत तशीच लाल फुले. पण ही अगोते लोकांची वस्ती. ख्रिस्ती धर्म तोच, भाषा तीच, रंगरूप तेच, आणि तरीही शतकानुशतके या माणसांना खोऱ्याने बाहेर ठेवले. चर्चमध्ये त्यांना वेगळे दार होते, बसायला मागची वेगळी जागा होती, पवित्र पाण्याचे पात्रही वेगळे होते. बाहेरच्यांशी त्यांची लग्ने होत नसत. कपड्यावर बदकाच्या पावलाच्या आकाराची लाल खूण लावण्याची सक्तीही त्यांच्यावर ठिकठिकाणी झाली. त्यांना महारोग आहे, ते पाखंडी आहेत, ते कुणा पराभूत जमातीचे वंशज आहेत, अशी एकेक कारणे त्या त्या काळी सांगितली गेली. कारण बदलत गेले, दार मात्र तेच राहिले. जमीन त्यांची नव्हती. ते उर्सुआ घराण्याच्या जागेवर कुळे म्हणून राहत आणि सुतारकाम, गवंडीकाम, विणकाम करीत. ज्या घरांच्या दगडी कोपऱ्यांचे मी दोन दिवस कौतुक करत होते, त्या कामात त्यांच्या हातांचा मोठा वाटा होता.

आणि ज्या सामायिक जमिनीने मी भारावले होते, तिच्यावर त्यांना हक्क नव्हता. पूर्ण हक्काच्या रहिवाशाला तिथे जो स्पॅनिश शब्द आहे, त्याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ ‘शेजारी’ असा आहे. अगोते माणूस शेजारी नव्हता. 1440 च्या निकालातले कुलीनत्व त्याच्या दारापर्यंत आले नाही. त्यांनी थेट पोपकडे दाद मागितली, आणि पोप दहावे लिओ यांनी 1515 मध्ये त्यांना इतरांसारखेच वागवावे असा आदेश काढला. तो गावाने पाळला नाही. नवारच्या प्रतिनिधिसभेने भेदभाव रद्द करणारा कायदा केला तो 1817-18 च्या अधिवेशनात. या दोन तारखांमधली तीनशे वर्षे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

बोसातेमध्ये आज या इतिहासाचे संग्रहालय आहे. तिथेच जन्मलेले आणि अगोते वंशाचा अभिमानाने उल्लेख करणारे शिल्पकार शाबिएर सांचोतेना यांनी आपल्या लाकडी आणि लोखंडी शिल्पांचे उद्यानही त्याच वस्तीत उभारले आहे. ज्या सुतारकामामुळे पूर्वजांना खालचे मानले गेले, त्याच लाकडातून त्यांनी त्यांचे स्मारक घडवले. खोऱ्याच्या पर्यटनात ही वस्ती लपवलेली नाही. मी तेथील एका बाकावर बराच वेळ बसून राहिले. लेकीने विचारले, ‘आई, बरं वाटत नाही का?’ मी तिला तिच्या पणजीची गोष्ट सांगितली, जी मी तिला तोपर्यंत कधीच पूर्ण सांगितली नव्हती.

आमचे मूळ गाव उमरेडच्या बाजूला आहे. गावाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. गावाच्या विहिरीपासून दहा-बारा पावलांवर एक पसरट काळा दगड आहे. माझी आजी त्या दगडावर घागर ठेवून बसायची. विहिरीवर आलेल्या कुणा बाईला दया आली तर ती वरून, शिवू न देता, घागरीत पाणी ओतायची. नाही आली तर आजी बसून राहायची. कधी कधी ऊन डोक्यावर येईपर्यंत बसावे लागे, असे ती सांगायची, आणि सांगताना कधी रडायची नाही. माझे वडील 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात होते. बैलबंडीने निघून, रात्रभर प्रवास करून ते आले होते. त्या दिवसानंतर आमच्या घरातले कुणी त्या दगडावर बसले नाही. पुढे आमच्या पुऱ्याने स्वतःची विहीर खोदली.

नागपूरकरांना स्मृती जपता येत नाही, असे मुळीच नाही. दीक्षाभूमी आहे. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू निगुतीने ठेवलेल्या आहेत. महाडच्या तळ्याचा 20 मार्च 1927 हा दिवस शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. परंतु ज्या हजारो लहान पाणवठ्यांवर हे रोज घडत होते, तिथे काहीच नाही. आणि आता त्याच गावांत पर्यटक येऊ लागले आहेत. त्यांना पाटलाचा वाडा, मारुतीचे देऊळ आणि आमराई दाखवली जाते, आणि वेशीबाहेरच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी फेरी परत वळते. गावाची बदनामी नको, पाहुण्यांसमोर जुने कशाला उकरायचे, असे काहीजण म्हणतील. बास्तानात गेलेल्या माझ्यासारख्या परक्या बाईच्या मनात त्या खोऱ्याविषयी बोसाते पाहून अनादर वाढला नाही. उलट, आपल्या पूर्वजांनी काय केले हे उघड सांगणाऱ्या त्या लोकांवर माझा विश्वास बसला.

म्हणून आपल्या माध्यमातून कृषी पर्यटन केंद्रे चालवणाऱ्यांना आणि संबंधित ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. फेरीत जुना पाणवठा असावा आणि त्याची गोष्ट त्या वस्तीतल्या माणसाने सांगावी. त्या सांगण्याचा त्याला रीतसर मोबदला मिळावा. मुक्कामाच्या खोल्या वाड्यांतच असाव्यात असे नाही, त्या पुऱ्यातल्या घरांतही असू शकतात, आणि तिथली भाकर आणि झणझणीत भाजी पाहुणा आवडीने खाईल याची मला खात्री आहे. कोणत्या जागा दाखवायच्या हे ग्रामसभेत, त्या वस्तीच्या बायका हजर असताना ठरावे. ऐंशी-नव्वदीच्या आज्या अजून आहेत. शाळेच्या मुलांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, आणि त्या ‘तीन विसा’ म्हणाल्या तर तसेच लिहून घ्यावे. या कामाला आणखी दहा वर्षे थांबता येणार नाही.

आमच्या गावच्या विहिरीभोवती आता फरशी बसवण्याचे ठरले आहे आणि त्या आखणीत तो काळा दगड उचलला जाणार आहे, असे मला दिवाळीत कळले. तो आहे तिथेच राहू द्यावा आणि त्याच्याजवळ चार ओळींची पाटी लावावी, असा लेखी अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला असून त्याची पोच माझ्याकडे आहे. पुढच्या ग्रामसभेत तो विषय येणार आहे. त्या दिवशी मी लेकीने पाठवलेली बोसातेची छायाचित्रे घेऊन गावी जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदोरा, नागपूर