मोठ्यांच्या एडीएचडीची तपासणी कुठे?

वीजबिल खिशात घालून फिरतो आणि भरायची तारीख उलटून जाते. गॅसवर दूध ठेवले की उतू जाणारच. घरच्यांच्या मते मी वेंधळा. मला एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांच्या विकाराची, शंका आहे. एका दवाखान्यात विचारले, तर 'ते लहान मुलांचं असतं' म्हणून वाटेला लावले. वास्तविक २०१३ च्या डीएसएम-५ (अमेरिकेतील मानसोपचार संघटनेची निदानपुस्तिका) निकषांनुसार सतरा वर्षे व त्यापुढील व्यक्तीत पाच लक्षणे पुरतात. मात्र काही लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. (म्हणून जुनी प्रगतिपुस्तके शोधतोय.) रक्त तपासून हे कळत नाही, मानसोपचारतज्ज्ञाशी सविस्तर बोलावेच लागते. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून सल्ला मिळतो. पण नाशिकमध्ये प्रौढांची तपासणी कुठे होते, याची यादी आरोग्य विभागाने जाहीर करावी.

– एक वाचक, सातपूर, नाशिक