माहितीचित्रे मुलांनीच काढावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सीमाभागातील शाळांना टीव्ही संच, संगणक आणि स्मार्ट बोर्ड मिळाल्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात आणि त्याचा आनंदच वाटतो. मात्र त्या पडद्यावर मुलांना काय दाखवायचे, याची चर्चा फारशी होत नाही. खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात समाजविज्ञान शिकवत असल्याने त्याविषयी, विशेषतः इन्फोग्राफिक म्हणजे माहितीचित्रांविषयी, चार शब्द लिहीत आहे.

आकडे, नकाशा, चित्र आणि मोजके शब्द एकाच चौकटीत मांडणारे माहितीचित्र वर्गात उपयोगी पडते, याबद्दल दुमत नसावे. शब्द आणि चित्र अशा दोन्ही वाटांनी मिळालेली माहिती अधिक लक्षात राहते, असे मानसशास्त्रज्ञ ॲलन पैविओ यांनी १९७१ साली मांडले. पुढे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून असे दिसले की, स्पष्टीकरण चित्राला लागूनच असेल तर मुलांना विषय नीट उमगतो आणि अनावश्यक सजावट वाढली की आकलन उलट घटते. बाजारातले चकचकीत तक्ते पाहिले की या दुसऱ्या निष्कर्षाकडे किती दुर्लक्ष होते ते कळते. शिवाय आमच्या हाती येणारे तयार तक्ते बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतात, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांना ते समजावून सांगण्यातच तासाचा बराच वेळ जातो.

म्हणून माहितीचित्र मुलांनी स्वतः काढावे, आणि तेही आपल्याच मुलखाचे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. त्यासाठी बेळगावइतका सोयीचा जिल्हा शोधून सापडायचा नाही. मलप्रभा खानापूर तालुक्यातील कणकुंबीला उगम पावते, पूर्वेला वाहत जाऊन सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात अडते आणि पुढे कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. तर याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेकडे गोव्यात उतरून अरबी समुद्राला मिळते. जलविभाजकाची व्याख्या घोकणाऱ्या मुलांनी या दोन नद्या एकाच कार्डशीटवर दोन दिशांना नेल्या, तेव्हा मधली डोंगराची कड कुठे दाखवायची हे त्यांना सांगावे लागले नाही.

पावसाच्या चित्राने तर आम्हाला गणिताच्या तासापर्यंत नेले. कणकुंबीचा मुसळधार पाऊस आणि त्याच जिल्ह्यातील अथणीकडचा कोरडेपणा शेजारीशेजारी दाखवायचा होता, आणि एका गटाने कणकुंबीसाठी मोठा व अथणीसाठी लहान थेंब काढला. थेंबाची उंची आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होते, म्हणजे दुपटीचा फरक डोळ्यांना चौपट भासतो, हे चौकटीच्या कागदावर घरे मोजून मुलांनीच पडताळले. व्हिएन्नात १९२० च्या दशकात समाजशास्त्रज्ञ ओटो न्यूराथ यांनी नेमका याच कारणासाठी दंडक घातला होता की, मोठी संख्या दाखवताना चिन्ह मोठे करायचे नाही, त्याच मापाची चिन्हे अधिक काढायची. मग मुलांनी एका थेंबाला किती मिलिमीटर ते ठरवले आणि सारखे थेंब ओळीने मांडले. तयार तक्ता भिंतीवर लावून हे शिक्षण घडले नसते.

स्वतः चित्र काढणारे मूल दुसऱ्याचे चित्रही पारखून पाहते, आणि ही पारख आज फार गरजेची आहे. प्रवेशाच्या दिवसांत दोन संस्थांचे ९२ आणि ९६ टक्के निकाल स्तंभालेखात दाखवताना अक्ष शून्याऐवजी ९० पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. आकडे खरे आणि चित्र फसवे, अशी ही गत. मोबाईलवर येणाऱ्या प्रत्येक आलेखावर विश्वास ठेवणाऱ्या पालकांनाही हे घरातल्या मुलाने समजावून सांगावे, असे मला मनापासून वाटते.

यासाठी वेळ कुठून आणायचा, हा सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण एसएसएलसीचा, म्हणजे दहावीच्या परीक्षेचा, धाक आठवीपासूनच सुरू होतो. परंतु अंतर्गत मूल्यमापनासाठी प्रकल्प करून घ्यावेच लागतात, आणि विकतची चित्रे कापून चिकटवण्यात जाणारा तोच वेळ इकडे वळवता येईल. खर्च कार्डशीट, फूटपट्टी आणि रंगीत पेन्सिलींपलीकडे जात नाही. शीर्षके मराठीत लिहून त्याखाली कन्नडमध्येही लिहिली तर मुलांचे कन्नड सुधारते, आणि तालुका पातळीवरील प्रदर्शनात आमच्या मुलांचे काम सर्वांना वाचता येते.

अडचण आहे ती स्थानिक आकड्यांची. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे मृत्यू घरोघर नोंदवून नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटवरील पिण्याच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले, कारण त्या नोंदी त्यांच्या हाती होत्या. आमच्या मुलांना गावातील विहिरी आणि बोअर मोजता येतात. पण तालुकानिहाय पाऊस, राकसकोप व हिडकलचा पाणीसाठा किंवा दूधगंगा-वेदगंगेची पूरपातळी यांचे मराठीतील आकडे एकत्रित मिळत नाहीत. आपल्या दैनिकाने पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हे आकडे छापावेत आणि सोबत तालुक्यांच्या सीमा दाखवणारा जिल्ह्याचा कोरा नकाशा द्यावा, ही विनंती. तो नकाशा वहीच्या पानावर चिकटवता येईल एवढ्याच आकाराचा असावा.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव